भरती-ओहोटीच्या खालची जागा

साप्ताहिकाच्या तिसऱ्या पानावर
भरती-ओहोटीच्या वेळा,
त्याखाली बांगडा, सौंदाळे, मोरी यांचे दर,
आणि उरलीच तर दोन बोटं जागा.
ती पास्कू सोझची.

खिळे मी जुळवायचो.
तो बर्फाच्या कारखान्यात लाद्या मोजायचा,
शुक्रवारी रात्री दर्याप्रकाश टॉकीजला
पंख्याशेजारची खुर्ची धरायचा.
पंख्याच्या घरघरीत बुडाले ते संवाद
बुडायच्याच लायकीचे, म्हणायचा.
शनिवारी कागद आणून द्यायचा, ओला,
अर्धा मी वाचायचो, अर्धा ओळखायचो.

एकदा राजेरजवाड्यांचा भव्य सिनेमा आला,
वेंगुर्ल्यात दोन दिवस रिक्षा ओरडत फिरली.
यानं लिहिलं: घोडे चांगले.
मी म्हटलं, मेल्या, अजून एक ओळ मावते.
त्यानं विडी विझवली, विचार केला,
आणि जोडलं:
विशेषतः पांढरा.

वादळाच्या सिनेमाबद्दल:
समुद्र टाकीतला आहे.
लाट भिंतीला आपटून परत येते, हे दिसतं.
रापणकरांनी मध्यंतरातच पैसे परत मागितले.

ज्यात दोघं डोंगरावर नाचतात, त्याबद्दल:
नायिकेच्या तोंडून वाफ निघत नाही.
बर्फ नव्हे, मीठ.
या एका विषयात माझ्याशी कुणी वाद घालू नये.

भुताचा: भूत दुसऱ्या रिळात दिसलं. मग भीती गेली.

सासू-सुनेचा: बायका रडल्या. मीही रडलो.
मांडवीच्या पुलापर्यंत आलो
तर कशासाठी ते आठवेना.

आणि तो जुना, काळा-पांढरा,
ज्यात एक बाई नुसती चूल पेटवते, किती तरी वेळ,
आणि कुणी काही बोलत नाही.
तरुणपणी त्यानं लिहिलं होतं: झोप आली.
वीस वर्षांनी तोच सिनेमा परत लागला.
त्या शनिवारी बांगड्याचे दर काढायला लावून
त्यानं पाच ओळी मागितल्या, मी दिल्या,
आणि त्यानं एकच भरली:
मागे चुकलो होतो.
बाकीच्या चार कोऱ्या गेल्या.
संपादक माझ्यावर ओरडले.

आता टॉकीजमध्ये काजूची पोती.
अंक कोल्हापुरात छापतात,
माझे खिळे भंगारात किलोवर गेले.
पास्कू पोराच्या जुन्या फोनवर पाहतो,
आणि निकाल मला पाठवतो, एकट्याला.

आठ भाग. तीनात झालं असतं.
ड्रोन फार वर नेतात, माणसं मुंग्या होतात,
मुंग्यांचं दुःख मला कळत नाही.
सगळे कुजबुजतात. घरात कोण आजारी आहे?

मग आपल्याच बंदरावर शूटिंग झालेला आला.
माझ्या पडवीत बसून पाहिला,
फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून.
एका तासानं मागून कुणी एक म्हातारा
टोपली घेऊन जातो, चार पावलं.
पास्कूच तो. त्या दिवशी त्याला
तीनशे रुपये आणि वडापाव मिळाला होता.
मी त्याच्याकडे बघितलं. तो पडद्याकडे.

रात्री निकाल आला:
मागे डावीकडचो म्हातारो कॅमेऱ्याक भियता.
खोटो वाटता. बाकी बरा.

मी मात्र ते दृश्य परत लावलं, थांबवलं.
म्हाताऱ्याच्या खांद्यामागे, क्षणभर,
टॉकीजची भिंत, पिवळी,
आणि रंग उडालेल्या अक्षरांतलं अर्धं नाव.
सकाळी विचारलं, पास्कू, भिंत बघितलीस?
बघितली, म्हणाला.
मग लिहिलं का नाहीस?

जागा नाय, म्हणाला.

फोनात जागेला काय तोटा?
मी बोललो नाही.
सवयीनं बोटांवर मोजत राहिलो,
दर्याप्रकाश,
सात खिळे,
फार तर आठ.
मावले असते.