समुद्रसपाटीच्या खाली

"पण तिकडे बघण्यासारखं आहे तरी काय?"
फिलिपाने विचारलं, बटाटे वाढता वाढता.
ब्रिस्टलमध्ये ज्याचं त्याचं घर चढावर,
त्यामुळे प्रश्नही जरा वरूनच येतात.
मी म्हणालो, "काही नाही."
आणि काटा खाली ठेवला, कारण हेच उत्तर
मी एकवीस वर्षं देत आलोय.

काही नाही, हे तसं खरंच. टेकडी नाही.
शाळेत टेकडीचं चित्र काढायला सांगितलं
तेव्हा अर्ध्या वर्गाने बिटाचा ढीग काढला,
ट्रकची वाट बघत रस्त्याकडेला पडलेला.
मिस ऑल्डिसनी सगळ्यांना पैकीच्या पैकी दिले.

नदी आहे, पण ती शेतांच्या वरून वाहते.
तुम्ही नदीवर उतरून जाता,
आम्ही नदी बघायला बांध चढतो.
ह्या बाजूला कांदे, त्या बाजूला पाणी,
आणि दोघांच्या मध्ये माझे वडील, सिरिल सेटचेल,
पंपघरात, लोकरी टोपी घालून.
रात्रभर पंप घरघरायचा, आम्ही गाढ झोपायचो.
तो थांबला की अख्खी गल्ली जागी.
शांततेला घाबरणारी माणसं
तू पाहिली आहेस का कधी, फिलिपा?

माती काळी. इतकी हलकी, की मार्चच्या वाऱ्यात
शेतंच्या शेतं उठून चालू लागतात.
दुपारी तीनला मोटारींचे दिवे लागतात,
दोरीवरच्या चादरी काळ्या होतात,
आपलं बी उडून शेजाऱ्याच्या रानात रुजतं
आणि जूनमध्ये त्यावरून भांडण.
नांगराला कधी ओकचा बुंधा अडकतो,
कोळशासारखा काळा, पाच हजार वर्षांचा.
तज्ज्ञ येतात, फोटो काढतात.
एडगरकाका फाळ मोडला म्हणून शिव्या घालतो.

हिवाळ्यात उत्तरेकडून हंस येतात,
शेकड्यांनी, कुणी न बोलावता,
आणि उपटलेल्या बिटाची पानं खात बसतात.
त्यांना कुणी विचारत नाही, इथे बघण्यासारखं काय.

ही सेलरी, हिचे देठ कुणी कापले असतील?
माझ्या आईचा अंगठा शेवटपर्यंत चिरलेला होता.
आता तिच्या जागी कौनासहून आलेली दाइव्हा आहे,
तिचाही अंगठा तसाच.

एवढं सगळं मी बोललो का? नाही.
निम्मं बोललो. हंसांपर्यंत आलो
आणि आवाज चढलाय हे माझं मलाच कळलं.
कुणीतरी वाइन ओतली.

आणि एक सांगितलंच नाही.
अठराव्या वर्षी, फलाटावर, बॅग हातात,
मीच म्हणालो होतो वडिलांना,
"इथे माणूस मेला तरी कुणाला कळायचं नाही."
त्यांनी टोपी नीट केली.
"कळेल की," म्हणाले,
"इथे माणूस पाच मैलांवरून दिसतो."

गाडी सुटली. मी मुद्दाम पुस्तक उघडलं.
एक पान वाचलं, वर पाहिलं, ते दिसत होते.
दुसरं पान. दिसत होते.
कालवा गेला, चर्च गेलं, बिटाचा कारखाना गेला,
फलाटाच्या टोकाशी टाचणीएवढे,
पण दिसत होते.
इथे ब्रिस्टलमध्ये माणसाला निरोप द्यावा
तर तो पहिल्याच वळणावर नाहीसा होतो.

"मग परत का नाही जात?" फिलिपाने विचारलं,
आणि विचारलं ते प्रेमानेच.

बहीण फोनवर सांगते, माती अजून बसतेच आहे.
आजोबांच्या वेळी दाराला एक पायरी होती.
मग दोन झाल्या. परवा तिने चौथी बांधून घेतली.
घर जिथे होतं तिथेच आहे,
फक्त खालची जमीन निघून चाललीय.

मी म्हणालो, "बटाटे छान झालेत.
आमच्याकडचे असणार."