तंगूस

शारजात, सनायाच्या सहा नंबरात,
गोदामामागच्या शेडमध्ये
माझं काम नावं चिकटवायचं.
आधी स्पिरिटचा बोळा, मग कागदी पट्टीचं माप,
मग एकेक अक्षर अंगठ्याखाली दाबून धरायचं
तीस मोजेपर्यंत.
व्ही, ई, एस, पी, ई, आर, ओ.
वेस्परो.
दिवसाला अकरा गाड्या.

उंच गाडी, चार दारांची, विजेवरची.
मागे पोरांच्या खुर्च्या अडकवायला हूक,
किराणा मावेल एवढी डिकी.
एक बटण दाबलं की स्पीकरमधून इंजिन गुरगुरतं,
दुसऱ्याच कुणाच्या घशातून.
ते मी दाबत नाही.

मी वेस्परो ऐकलीय.
नव्वद साली, खलफान अरबाबांची,
दोन दारांची, जमिनीला पोट लावून बसणारी.
जानेवारीच्या पहाटे तिचा चौथा सिलिंडर रुसायचा.
तिचे कार्बोरेटर इतक्यांदा उघडले
की सुट्टीवर गेलो तरी आई म्हणायची,
आधी हात धू, मग देवापुढे जा.
खोर फक्कानच्या घाटात शेजारी बसून
मी डोळे मिटले होते. भीतीनं नव्हे, ऐकायला.
थोडे भीतीनंही.

अरबाबांना प म्हणता येत नाही,
त्यांच्या लिपीत तो नाहीच.
ते म्हणत, फेस्बेरो.
माझ्या बताक्यावरही अरबीत मी
बरशुराम बेडणेकर.
चौतीस वर्षं पगार बरशुराम उचलतो
आणि पैसे उतरतात परशुरामच्या खात्यात.
वाटेत, समुद्रावर कुठेतरी,
ब चा प होत असणार.

नाव बदलायचं काम मी त्याआधीही केलंय.
ताटात तांदूळ पसरले होते, हातात अंगठी.
भटजी म्हणाले, ठसठशीत काढा.
मी ठसठशीत काढलं. मंदाकिनी.
शेवंती कुणी पुसली ते पाहिलं नाही,
पंगत खोळंबली होती.

गेल्या सोमवारी अरबाब आले.
काठी, आणि काठीच्या मागे नातू.
बॉनेट उघडायला लावलं.
आत एक रिकामं प्लास्टिकचं टोपलं.
बराच वेळ त्यात बघत राहिले,
विहिरीत घागर सुटल्यासारखे.
मला वाटलं आता काठी आपटतील.
नातवाला वाटलं आता हसतील.
त्यांनी दार उघडलं,
सीटवर टेकले, पाय आत घेतले,
एक, मग दुसरा, कुणाचा हात न धरता.
म्हणाले, बरशुराम, जुनीत बसता येत नाही रे.
गुडघे नाही म्हणतात.
हिच्यात बसता येतं.

घेतली त्यांनी. पांढरी.
फक्त म्हणाले, नाव काढ.
ते घरी आहे, शेडमध्ये, कापडाखाली.

मग मी हीट गन घेतली
आणि गळाचा तंगूस, दोन्ही टोकं बोटांना गुंडाळून,
अक्षरांच्या पाठीमागून करवतीसारखा ओढत नेला.
कोंबडीची पिसं निघावीत तशी ती निघाली,
ओ सगळ्यात शेवटी.
पत्र्यावर फिकट खूण राहिली.
पॉलिश मारलं, तरी उन्हात तिरकं पाहिलं
तर दिसते. अरबाबांना सांगितलं नाही.
सात अक्षरं डब्याच्या कप्प्यात टाकली,
लोणच्याशेजारी.

रात्री गावी फोन लावला.
काय सुचलं कोण जाणे, म्हटलं,
शेवंती.
पलीकडे कुकरची शिट्टी झाली.
मग गॅस बंद केल्याचा आवाज.
मग ती, जरा दुरून,
कोण बोलतंय?

मला पटकन सांगता येईना.