शॉट एक्केचाळीस

गॅल्व्हस्टनच्या बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात
अकरा दिवसांत उरकला आम्ही सिनेमा.
अडुसष्ट सालचा जानेवारी. पैसे डेस्मंडच्या सासऱ्याचे,
त्याचं गाद्यांचं दुकान; म्हणून प्रत्येक खुनात
गादी नवीकोरी.

रक्त माझ्याकडे होतं. डब्यातल्या बिटाचं पाणी,
त्यात मक्याचा पाक. तासाभरात जांभळं पडायचं
आणि मुंग्या यायच्या.
वहीही माझ्याकडेच:
कोणत्या हातात सुरी, कोटाची किती बटणं उघडी,
मेलेल्या बाईचा कोणता बूट निघालेला.
दोन शॉटांमधला काळ कुणाला दिसू नये,
एवढंच माझं काम.

खुनी म्हणून ऑर्विल टॅकेट. बंदरावर गोण्या मोजणारा,
शाळेच्या नाटकातसुद्धा कधी न उभा राहिलेला.
डेस्मंडला त्याचा हात आवडला होता.
कोरियाहून परतल्यापासून थरथरायचा तो;
कॉफी बशीत, साखर टेबलावर,
काडी पेटता पेटता विझायची.
"हाच माझा सिनेमा," डेस्मंड म्हणाला,
"याला अभिनय शिकवू नका कुणी."

एक्केचाळिसावा शॉट.
खिडकीपाशी ऑर्विल, गादीवर निजलेली मार्जोरी,
दात वाजू नयेत म्हणून ओठ आवळून.
कॅमेरा सुरू झाला,
सुरी हातात आली
आणि हात थांबला.
रडून दमलेल्या पोराला झोप लागावी
तसा.

"हलव," डेस्मंड कुजबुजला, "अरे, हात हलव."
ऑर्विल आपल्या हाताकडे बघत राहिला,
कुणाचा तरी राहून गेलेला मोजा बघावा तसा.
फिल्म संपली. दुसरं रीळ घ्यायला पैसे नव्हते.
मी वहीत लिहिलं:
शॉट ४१. चूक. हात स्थिर.

ड्राइव्ह-इनला सहा रात्री चालला, दुसऱ्या खेळाला.
लोक हॉर्न वाजवायचे,
पोरं सीटखाली सांडलेले शेंगदाणे शोधायची.
मी दोनदा गेले. दोन्ही वेळा
त्या शॉटला हॉर्न थांबले.
वारा फिरला असेल कदाचित.

पण त्याआधी, चित्रीकरणाच्या शेवटच्या संध्याकाळी
त्यानं सुरी परत केली मला,
मूठ माझ्याकडे, पातं स्वतःकडे.
"लिहिलंस ते?"
"खोडते," मी म्हटलं.
"नको. कुणीतरी लिहून ठेवलेलं बरं."
मग खिशातून सिगारेट काढली त्यानं.
चार काड्या वाया गेल्या.
पाचवी मी पेटवली.