जिथं कुणी बोलत नाही

साडेनऊला आई खुर्ची ओढून टीव्हीसमोर बसते,
डोळे गेले तरी समोरच बसायचं असतं तिला.
काचबिंदूनं आधी कडा खाल्ल्या, मग मधलं.
मेडिकलच्या डॉक्टरनं हात झटकले
त्या संध्याकाळी घरी येऊन ती म्हणाली,
"आज भाग चुकते का वं आपला?"

संवाद तिला ऐकू येतात.
माझं काम मधल्या जागांचं.
पात्रं गप्प होतात, नुसतं व्हायोलिन कापत राहतं,
तेव्हा ती माझ्या मनगटावर बोट टेकवते:
"कोन हाय आता? काय करून राह्यला?"

मे महिना. गोळीबार चौकात रात्रीही भिंती गरम.
कूलरच्या आवाजात तिला नीट ऐकू येत नाही म्हणून
तेवढा अर्धा तास तो बंद,
आणि आम्ही दोघी घामानं निथळत
एका खुनाचा तपास करतो.

मी सांगते. जिना. मोलकरीण. ओला ठसा.
वकिलाच्या बाहीचं तुटलेलं बटण.
ऐकताना तिची बोटं चाळवतात, तुटला धागा जोडावा तशी.
तीस वर्षं मागावर बसलेली बोटं,
लुगड्याच्या काठात एक तार कमी पडली
तर अंधारातही कळायचं त्यांना.

बेचाळिसाव्या भागात धाकट्या मुलानं
आईचं कपाट उघडलं.
एक शब्द नाही. नुसतं संगीत.
मनगटावर बोट आलं.
"कोन?"
"दिसत नाही," मी म्हणाले, "पाठ आहे. उंच आहे कुणीतरी."

तिथून मी घसरले.
धाकटा गप्प असला की त्याला खोलीबाहेर काढू लागले,
त्याच्या हातातली पिशवी ड्रायव्हरच्या हातात दिली,
तो रडला तेव्हा मात्र रडणं त्याचंच ठेवलं.
पंधरा-सोळा भाग
टीव्हीवर एक मालिका चालली होती,
आमच्या घरात दुसरी.

कारण आमचा हेमराज.
दिवाळीनंतर आला होता,
हिंगणा रोडच्या दुकानाचे हप्ते थकलेले,
आई धकाते काकूंकडे बारशाला गेलेली.
आता तिच्या एकदाणीच्या जागी
इतवारीतली पिवळी माळ आहे,
त्याच फडक्यात, तशाच दोन गाठी.
"उन्हाळ्यात सोडवतो, ताई," म्हणाला.
उन्हाळा लागला. त्याचा फोन लागत नाही.

शेवटचा भाग काल झाला.
इन्स्पेक्टर सगळ्यांना दिवाणखान्यात उभं करून
एकेकाकडे बघत होता, कुणी बोलेना.
मी ड्रायव्हरला पुढं करायच्या तयारीत,
तर मनगटावर बोट आलंच नाही.
आई हसली.
"धाकट्यानंच ना?
पह्यल्या दिवसापासून त्याची चप्पल घासत चालते.
तू ड्रायव्हर सांगे, तं मी म्हटलं
असू दे बाप्पा, पोरीले काही कारण असन."

मग पदरानं मान पुसली.
"वजन कळते मले, बेबी.
संक्रांतीलेच कळलं.
खोट्या मण्याले गारवा नसते."

पडद्यावर बेड्या वाजल्या.
मी उठून कूलर लावला, आवाज हवा होता मला.
त्या आवाजाच्या वरून, जरा मोठ्यानं, तिनं विचारलं,
"अन् किल्ली कोनं देल्ली त्याले,
ते नाही दाखवलं का तुह्या सीरियलमधे?"

टाकीत पाणी नव्हतं. पंप कोरडा घरघरत होता.
मी बादली घेऊन नळाकडे गेले,
भरली, वाहायला लागली, तरी उभी राहिले.
आतून आई म्हणत होती,
सोमवारपासून नवी लागते म्हणे,
ये, नाव वाचून सांग.