कळमन्यात चाचणी

मार्च सरता सरता, सकाळी अकरालाच काटा तापलेला.
निनावेंच्या हातात मी फोन दिला
आणि ठरल्याप्रमाणे गप्प बसलो.

पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं,
परसोडीच्या एसीत काय देखणी दिसली होती!
इथे ऊन थेट काचेत उतरलं
आणि निनावे त्यात स्वतःचाच चेहरा बघत राहिले.

मग डोक्याचा दुपट्टा सोडून
फोनवर तंबू केला, आत मान घातली
जुन्या फोटोवाल्यासारखी.
आतून आवाज आला :
“काहून बाप्पा, हे सावलीतच चालते काय?”

अंगठ्याला संत्र्याच्या पेटीचा खिळा लागलेला,
वर चिकटपट्टी.
चारदा दाबलं. काच ओळख देईना.
पाचव्यांदा त्यांनी नाकाने दाबलं.
वजन नोंदवले. हिरवी खूण.
मी वहीत लिहिलं : नाक.
खाली काय लिहावं सुचेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला
ऑफिसच्या गच्चीवर मी,
धडधाकट अंगठ्याला पट्टी गुंडाळून.
राखाडीचा काळा केलाय, बटण दुप्पट.
जिन्यातून शलाका विचारते,
“जेवायला येतोस ना?”
थांब, म्हणतो,
अजून नीट दिसत नाहीये.