दोन दोऱ्यांचं बोट

डावा तळवा टेबलावर उपडा ठेवा, वडके.
मधलं बोट आत दुमडा.
आता करंगळीशेजारचं उचला.
नाही ना उठत? कुणाचंच नाही उठत.
आता तर्जनी.
बघा, गर्दीतून मान काढावी तशी वर येते.

तिला दोन दोऱ्या असतात.
एक चौघींच्या सामाईक स्नायूची,
दुसरी तिची एकटीची:
करंगळीकडच्या हाडाच्या पाठीवरून,
मनगटाच्या थोडं वर निघालेली,
बाकीच्यांच्या खालून गुपचूप आलेली.
कॉलेजात मी ती चिमट्याने ओढली होती,
फॉर्मलिनने डोळे चुरचुरत होते,
आणि एका अनोळखी हाताने
मला दार दाखवलं होतं.

तुमची स्कूटर घसरली फडके हौदापाशी.
हाड जुळलं, प्लास्टर निघालं,
आणि मग एका सकाळी
हंडीवर टेकलेला अंगठा उचलेचना.
अंगठ्याची दोरी हाडाच्या एका बारक्या उंचवट्याला
वळसा घालून जाते. तिथेच झिजते.
तुटताना आवाजही करत नाही.
मी मठारकामाच्या ठोक्यांचं विचारलं
तर म्हणालात, "ठोक्यांनी नाही झिजत हो माणूस."

सर्जननी मग तर्जनीची एकटीची दोरी सोडवून
अंगठ्यात विणली.

तर्जनी म्हणजे धाक घालणारी, नावातच तर्जन.
आता मी उजव्या हाताला विचारते,
"दाखवा, तांबट आळी कुठे?"
तुम्ही मनात बोट रोखता
आणि अंगठा उठतो, थरथरत,
दुसऱ्याचा निरोप घेऊन आलेल्या पोरासारखा.
"परत. कसबा गणपती कुठे?"
"परत. ज्याचं चुकलं, त्याला दाखवा."

इथे तुम्ही थांबलात.
मग पंख्याकडे बघत सांगितलंत:
काल दुकानाच्या वाटणीवरून
धाकट्यावर बोट रोखलं.
बोट उठलं, पण त्याच्या आधी हा उठला.
तो म्हणाला, "हे काय, शाबासकी?"

तुम्हाला हसू आलं नाही.
मला आलं. मी फायलीत तोंड घातलं
आणि लिहिलं:
अंगठा, पूर्ण वर.
तर्जनी, एकटी उठताना किंचित उणी.
मेंदूला नवा पत्ता अजून पाठ नाही.
जड हातोडी महिनाभर नको.

"आणि हलकी?"
तुम्ही विचारलंत.