बाहीवरची गडद जागा

एकवीस हंगाम मी यांच्या जर्सी धुतल्या.
सतरा.
सोमवारी भिजवायच्या, मंगळवारी दोरीवर,
आणि वारा धक्क्याकडून असला
तर पुन्हा कोळशाची भुकटी, पुन्हा बादली.
चिखलावरून मला माणूस कळतो.
दोन्ही कोपरं बरबटलेली, तो व्हिलियामी, आठ नंबर.
पाठ माखलेली, तो ज्याला सगळेच पाडतात.
पाच नंबरची नुसती घामट.
बॅरी आमचा विंगर. चेंडू त्याच्यापर्यंत पोचतच नसे.

त्या मार्चमध्ये एका घरात दोन चुली झाल्या.
एक जुनी लीग, एक टीव्हीवाल्यांची.
खेळ तोच, मैदान तेवढंच लांब,
पण इकडचा तिकडच्याशी खेळायचा नाही.
डर्मट क्विल्टीने शहरातल्या हॉटेलात
रात्री दीड वाजता सही केली.
आकडा कुणी इतका सांगे, कुणी त्याच्या दुप्पट.
पुढच्या रविवारी त्याची आई
चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसली.
मी तिला बोल लावत नाही.
तिचं छप्पर बारा वर्षं गळत होतं,
आम्हा निष्ठावंतांपैकी
एकही शिडी घेऊन गेला नव्हता.

पाच जण गेले.
त्यांच्या जागी गोदीतली पोरं आली,
एकाची जर्सी गुडघ्याला टेकत होती.
लीगमध्ये संघच उरले मोजके;
वॉम्बारा गावाशी आम्ही चारदा खेळलो,
चौथ्या खेपेला त्यांचा कर्णधार
माझ्या नवऱ्याच्या गुडघ्याची चौकशी करून गेला.
क्लबच्या बारमध्ये लेन आणि त्याचा मेहुणा
एकाच टेबलावर, पाठीला पाठ लावून पीत.
नऊ हजारांच्या जागी अकराशे माणसं.
मैदानावरची शिवी आता
समुद्रापर्यंत ऐकू जायची.

जुलैत कोर्टाचा कागद आला.
बाहीवरचं चिन्ह कोणाच्या मालकीचं
याचा निकाल लागेपर्यंत ते काढून टाकावं.
सेक्रेटरीने तो मला दोनदा वाचून दाखवला,
जणू मला इंग्रजी येत नाही.
मग मी स्वयंपाकघरात बसले,
क्लॅरीचं दाढीचं पातं घेतलं
आणि टाका टाका उसवला.
सतरा बाह्या. रात्रीचे दोन वाजले.
हे टाके मीच घातले होते,
चांगले घातले होते, हे तेव्हा नडलं.
चिन्ह निघालं आणि खाली
कापडाचा मूळ निळा दिसला,
गडद, ऊन न लागलेला,
ढालीच्या आकाराचा.
ती मात्र कोणत्याही वकिलाला
काढून नेता आली नसती.

शेवटचा सामना, सप्टेंबर, पाऊस.
चौदा-आठ मागे, दोन मिनिटं उरलेली.
व्हिलियामी तिघांना लटकवून पडला
आणि पडता पडता चेंडू हातातून सोडला.
कसा कोण जाणे, तो बॅरीकडे गेला.
बॅरीने आधी त्याच्याकडे बघितलं,
चुकीचं पत्र दारात पडावं तसं.
मग धावला.
कोपऱ्यातल्या झेंड्यासकट, चुन्याच्या रेषेसकट
पालथा घसरत गेला तो थेट जाहिरातीच्या फळीपर्यंत.
चौदा-बारा.
वरची किक खांबाला लागली. बाहेरच्या बाजूने.
हरलो. तळाला राहिलो.
लेन उठून ओरडत होता, त्याचा मेहुणाही,
आणि दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

सोमवारी पाच नंबरची जर्सी
दगडासारखी जड आली.
छातीवर गवत, कॉलरमध्ये चुना.
क्लॅरी म्हणाला, ही तशीच ठेव.
मी म्हटलं, सोमवार आहे,
आणि भिजवली.

नाताळच्या आधी मोठ्या माणसांनी
कुठल्याशा बंदरावरच्या हॉटेलात हात मिळवले.
पुढच्या वर्षी पुन्हा एकच चूल म्हणे,
पण पानं ठरावीक.
आमच्याकडे अजून कुणाचा फोन नाही.
सतरा जर्सी धुऊन, घडी घालून
कपाटात ठेवल्यात.
डांबराच्या गोळ्या टाकल्यात.
डर्मटच्या आईचं छप्पर नवं झालं,
लाल पत्र्याचं; माझ्या दोरीवरून दिसतं.